स्नूकर खेळणाऱ्याने समालोचनाकडे कधी आणि कसे वळावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्याचे एक सत्तावीस वर्षांचे स्नूकरपटू लिहितात की, दहा वर्षे राज्य पातळीवर खेळूनही राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना बाद फेरीच्या पुढे जाता आले नाही. गेल्या वर्षी वाशीतील एका स्पर्धेच्या थेट प्रक्षेपणात त्यांनी दोन सामन्यांचे समालोचन केले आणि ते अनेकांना आवडले. आता खेळ थांबवून पूर्णवेळ समालोचनाकडे वळावे का, परदेशातील व्यावसायिक खेळाडू या वाटेने कसे गेले, आणि मराठीतून हे काम करण्यात काही अर्थ आहे का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी ठाण्यात, नौपाड्यात वाढलो. वीस वर्षांहून अधिक काळ स्पर्धांमध्ये खेळलो, त्यानंतर मुलांना शिकवू लागलो, आणि गेली नऊ वर्षे स्थानिक व राज्य पातळीवरच्या सामन्यांचे समालोचनही करतो आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे: खेळ सोडू नका. समालोचन जरूर सुरू करा, पण स्पर्धांमध्ये नाव नोंदवणे थांबवू नका.

या खेळातील बहुतेक नामवंत समालोचकांनी एक दरवाजा बंद करून दुसरा उघडलेला नाही. १९९७ चे जगज्जेते केन डोहर्टी अनेक वर्षे व्यावसायिक दौऱ्यावर खेळत खेळत बीबीसीसाठी बोलत होते. १९९४ च्या मास्टर्स स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टीफन हेंड्रीची सलग पाच विजेतेपदांची मालिका खंडित करणारे ॲलन मॅकमॅनस २०२१ मध्ये निवृत्त झाले, पण समालोचक म्हणून ते त्याच्या बरेच आधीपासून परिचित होते. सहा वेळा जगज्जेते ठरलेले स्टीव्ह डेव्हिस दूरचित्रवाणीवर सामन्यांचे विश्लेषण करू लागले होते, तरीही २०१० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांनी शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या जागी, तत्कालीन जगज्जेत्या जॉन हिगिन्सला १३-११ असे हरवले. हेंड्री यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. २०१२ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी १४७ चा ब्रेक केला, म्हणजे टेबलावर एका खेपेत मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण घेतले, पुढे उपांत्यपूर्व फेरीत मोठा पराभव झाला आणि त्यांनी तिथेच निवृत्ती जाहीर केली. पण त्यांनाही काही वर्षांनी पुन्हा टेबलाकडे यावेसे वाटले.

याचे कारण केवळ खेळाचे प्रेम एवढेच नाही. जो आज टेबलावर उभा राहतो त्याला आजचे कापड, आजचे चेंडू आणि आजच्या मुलांची खेळण्याची रीत ठाऊक असते. मी स्वतः तीन वर्षे स्पर्धा खेळलो नव्हतो, तेव्हा माझ्या बोलण्यात एक उणीव आली होती आणि ती मला बराच काळ कळली नाही. ज्या लांब पॉटला, म्हणजे दूरवरून चेंडू पॉकेटात घालण्याला, मी "धाडस" म्हणत होतो, तो आता पंधरा वर्षांची मुलेही नेहमीचा फटका म्हणून खेळतात. माझे मोजमाप जुने झाले होते. पुन्हा दोन स्पर्धा खेळलो, पहिल्याच फेरीत हरलो, आणि बोलणे सुधारले.

दुसरा प्रश्न, मोठे खेळाडू या वाटेने कसे गेले, हा विस्ताराने बोलण्यासारखा आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे की, "मी काही जिंकलेलेच नाही, तर माझे कोण ऐकणार?" या वाक्यावर मला थांबावेसे वाटते. विली थॉर्न यांनी आपल्या कारकिर्दीत एकच मानांकन स्पर्धा, म्हणजे जिच्या निकालावर क्रमवारी ठरते अशी स्पर्धा, जिंकली. १९८५ च्या यूके स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध १३-८ असे पुढे होते, आणि आपल्या जागेवर असलेला एक सोपा ब्लू, म्हणजे निळा चेंडू, त्यांच्या हातून हुकला. तो गेला असता तर १४-८ झाले असते. सामना १६-१४ असा डेव्हिसने जिंकला. हेच थॉर्न पुढे बीबीसीचे लोकप्रिय समालोचक झाले, आणि मी त्यांना ऐकताना नेहमी एक गोष्ट टिपली: एखाद्याचा सोपा चेंडू हुकला की ते त्याला बोल लावत नसत. क्यू, म्हणजे खेळण्याची काठी, पुढे जाताना खांदा कुठे हलला, नजर चेंडूवरून आधीच व्हाइटकडे, म्हणजे क्यूने मारायच्या पांढऱ्या चेंडूकडे, गेली का, हे ते सांगत. ज्याचा स्वतःचा ब्लू हुकलेला आहे त्याला दुसऱ्याच्या चुकीचे मूळ शोधता येते. तुमच्या दहा वर्षांच्या पराभवांत हे भांडवल साठलेले आहे. जिंकलेल्या खेळाडूलाही ते असू शकते, पण त्याला ते मुद्दाम आठवावे लागते.

क्लाइव्ह एव्हर्टन यांचा मार्ग याहून निराळा होता. ते व्यावसायिक खेळाडू होते, पण अव्वल सोळांत कधीच नव्हते. पत्रकार म्हणून त्यांनी १९७१ पासून स्नूकरला वाहिलेले मासिक अनेक दशके चालवले, १९७८ पासून बीबीसीसाठी समालोचन केले, आणि २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे वाक्य लहान असे आणि त्यात विशेषण क्वचित येई. समालोचनाच्या खोलीत दोन कामे असतात हे त्यांच्याकडे पाहून नीट समजते: एक जण सामन्याचा धागा धरून ठेवतो, गुण, फ्रेम (सामन्यातील एकेक डाव), इतिहास आणि प्रसंगाचे वजन सांगतो, दुसरा, बहुधा माजी खेळाडू, फटका उलगडतो. एव्हर्टन दोन्ही करू शकत. आपल्याकडे स्थानिक प्रक्षेपणात एकच माणूस बसतो, त्यामुळे तुम्हालाही दोन्ही करावी लागतील, आणि पहिले काम खेळाडूला आपोआप येत नाही. त्यासाठी वाचावे लागते, टिपणे काढावी लागतात, समोरचा मुलगा मागच्या स्पर्धेत कोणाकडून का हरला हे आधी विचारून ठेवावे लागते.

आता खेळाडूने नेमके काय सांगायचे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे एकच आहे: फटका खेळला जाण्यापूर्वी बोला, खेळला गेल्यावर प्रेक्षकाला पाहू द्या. "त्याने रेड पॉट केला" हे वाक्य दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर पाहणाऱ्याच्या काही उपयोगाचे नाही. त्याने ते पाहिलेच आहे. त्याला जे दिसत नाही ते खेळाडूच्या मनात चाललेले असते.

एक उदाहरण घ्या. टेबलावर पाच रेड (लाल चेंडू, प्रत्येकी एक गुण) आणि सगळे कलर (इतर रंगांचे सहा चेंडू, त्यांत ब्लॅकचे सात गुण) आहेत. प्रत्येक रेडमागे ब्लॅक धरला तर पाच गुणिले आठ म्हणजे ४०, आणि कलरचे २७, असे जास्तीत जास्त ६७ गुण उरलेले आहेत. खेळणारा ४० गुणांनी मागे आहे. पाचांपैकी तीन रेड मोकळे आहेत आणि दोन उजव्या कुशनला चिकटलेले आहेत. नवखा समालोचक म्हणतो, "आता त्याला मोठा ब्रेक हवा." हे खरे आहे आणि निरुपयोगी आहे. जाणता खेळाडू म्हणतो की, तीन मोकळे रेड संपवून याचे भागणार नाही, कारण सगळे रेड गेल्याशिवाय कलर क्रमाने घेता येत नाहीत; म्हणून त्याला ते दोन रेड सोडवावेच लागतील, आणि ते त्याने तिसरा मोकळा रेड शिल्लक असतानाच सोडवावेत, म्हणजे धक्क्यानंतर व्हाइट वाईट ठिकाणी थांबला तरी खेळायला एक चेंडू हाताशी राहील. मग पुढच्या दोन फटक्यांत प्रेक्षक आपण होऊन पाहू लागतो की, त्या धक्क्यासाठी हा पिंकवर योग्य कोन ठेवतो आहे की नाही. त्याने ठेवला तर तुम्हाला काहीच बोलावे लागत नाही. नाही ठेवला तर "कोन सरळ आला" एवढे तीन शब्द पुरतात. प्रेक्षकाच्या हाती प्रश्न द्यायचा आणि उत्तर टेबलाला देऊ द्यायचे, यात समालोचनाचे निम्मे कसब आहे.

वरचा हिशेब तोंडपाठ असला पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. एक रेड उरला की ३५, दोन उरले की ४३, तीन उरले की ५१. आघाडी याहून मोठी झाली की मागे असलेल्याला स्नूकर लावून, म्हणजे समोरच्याचा चेंडूकडे जाणारा सरळ मार्ग अडवून, फाउलचे गुण मिळवावे लागतात, आणि त्या क्षणापासून सामन्याची जात बदलते. हे प्रेक्षकाला वेळेवर कळले नाही तर पुढची दहा मिनिटे त्याला कंटाळवाणी वाटतात, कळले तर तीच सर्वांत रंगतदार होतात. फाउल-अँड-मिसचा नियमही असाच आहे. खेळाडूला स्नूकर लागलेला आहे, त्याचा प्रयत्न चुकला, पंचांनी मिस पुकारला आणि व्हाइट पुन्हा पहिल्या जागी ठेवला, हे नव्या माणसाला अन्याय वाटते. दर स्पर्धेत एकदा, शांतपणे, दोन वाक्यांत तो नियम समजावून सांगा.

मौनाविषयी सांगतो, कारण तुमच्या ध्वनिमुद्रणातील मोठा दोष तोच आहे. तुम्ही पाठवलेल्या फ्रेममध्ये मी मोजले, सलग वीस सेकंदांची शांतता एकदाही नाही. मी सुरुवातीला असाच बोलत असे. ठाण्यातील एका स्पर्धेत उपांत्य सामना संपल्यावर तिथले वयस्क मार्करकाका, ज्यांनी चाळीस वर्षे गुणफलकाजवळ उभे राहून सामने पाहिले होते, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "दादा, चेंडू पोचेपर्यंत तरी थांबत जा." त्या वाक्याने मला जे शिकवले ते नंतर मी जुन्या ध्वनिफिती ऐकून तपासत राहिलो.

२३ एप्रिल १९८३ रोजी क्लिफ थॉर्बर्न क्रुसिबलमधील पहिला १४७ पूर्ण करत होते. अखेरच्या ब्लॅकवर ते वाकले तेव्हा समालोचक जॅक कार्नेम यांनी त्यांना मित्रासारख्या शुभेच्छा दिल्या, अगदी दोन-तीन शब्दांत, आणि ते गप्प झाले. कार्नेम स्वतः बिलियर्ड्सचे माजी जागतिक हौशी विजेते होते. त्या फटक्याआधी छातीत काय होते ते त्यांना माहीत होते, आणि म्हणूनच त्यावर व्याख्यान देण्याचा मोह त्यांना झाला नाही. याच कार्नेम यांनी डेनिस टेलर यांच्यासाठी तो प्रसिद्ध मोठा, उलटा दिसणारा चष्मा तयार केला होता, ज्यामुळे वाकून नेम धरतानाही भिंगाच्या मधून पाहता येई.

तोच चष्मा लावून टेलर १९८५ च्या जागतिक स्पर्धेची अंतिम लढत स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध खेळले. ०-८ असे मागे पडलेले टेलर १७-१७ पर्यंत आले. शेवटच्या फ्रेममध्ये ते ४४-६२ असे मागे होते आणि टेबलावर ब्राउन, ब्लू, पिंक, ब्लॅक असे २२ गुण उरले होते, म्हणजे चारही चेंडू घेतल्याशिवाय सुटका नव्हती. तीन गेले. मग ब्लॅकवर दोघांच्या संधी आल्या, आणि डेव्हिसने पातळ कट घेतलेला ब्लॅक हुकला तेव्हा समालोचक टेड लो यांच्या तोंडून "नो" एवढाच शब्द बाहेर पडला. मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक पाहत होते. त्यांना त्या शब्दाहून अधिक कशाची गरज होती? टेलर यांनी पुढचा ब्लॅक घातला, फ्रेम ६६-६२ आणि सामना १८-१७ झाला. नंतर टेलर स्वतः समालोचक झाले आणि अनेक दशके तिथे राहिले.

उपजीविकेचा भाग थोडक्यात आणि स्पष्ट सांगतो. आपल्याकडे आज केवळ स्नूकरच्या समालोचनावर घर चालेल असे मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये वर्षभर व्यावसायिक दौरा असतो आणि त्याचे प्रक्षेपण होते, म्हणून तिथे माजी खेळाडूंची एक पिढी या कामावर उभी राहिली. आपले चांगले खेळाडूही तिथे टिकणे किती कठीण असते हे आपण पाहिले आहे. पंकज अडवाणी २०१२ मध्ये दौऱ्यावर गेले, २०१३ मध्ये वेल्श ओपनची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि २०१४ मध्ये परत आले. मुंबईच्या आदित्य मेहता यांनी २०१३ मध्ये दिल्लीत झालेल्या इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली, अशा मानांकन स्पर्धेत तिथवर पोचणारे ते पहिले भारतीय; पुढे मानेच्या दुखण्याने त्यांची वाट अडवली. आपल्या बहुतेक नामवंत खेळाडूंना पेट्रोलियम कंपन्यांनी किंवा रेल्वेने दिलेल्या नोकरीचा आधार होता. तुम्ही ज्या नोकरीत आहात ती ठेवा. शिकवणे हे समालोचनाचे खरे जोडकाम आहे, कारण दोन्हींत एकच गोष्ट करायची असते: हाताला कळलेले शब्दांत मांडायचे. आणि मानधन किती, कधी मिळणार, हे स्पर्धेआधी लिहून घ्या. एका आयोजकाकडे मी सलग चार दिवस बोललो आणि तोंडी कबूल केलेले मानधन मला आजतागायत मिळालेले नाही. त्या चार दिवसांपेक्षा, विचारायला जाताना वाटलेला संकोच मला जास्त लागला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

मराठीचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. हा खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हातून जन्मला आणि बराच काळ जिमखान्यांच्या भिंतींआड राहिला. विल्सन जोन्स, मायकेल फरेरा, यासिन मर्चंट यांच्यासारखे मोठे खेळाडू मुंबईने पाहिले, पण त्यांच्या खेळाविषयीची चर्चा इंग्रजीतच झाली. आता ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ इथे पार्लरमध्ये खेळणारी मुले मराठीत विचार करतात, एकमेकांना मराठीत सूचना देतात, हरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे अशा पैजा मराठीत लावतात. त्यांच्या आई-वडिलांना मात्र मुलगा तिथे नेमके काय करतो हे कळत नाही, आणि बरेचदा पार्लर या शब्दानेच त्यांना धास्ती वाटते. अशा घरात मोबाइलवर मराठी समालोचन लागले आणि आईला कळले की, मुलाने सोपा रेड सोडून सेफ्टी, म्हणजे समोरच्याला संधी न देणारा बचावाचा फटका, का खेळली, तर तिचे त्या खेळाकडे पाहणे बदलते. माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या घरी हे घडलेले मी पाहिले आहे.

शब्दांबाबत हट्ट धरू नका. पॉट, क्यू, रेड, ब्लॅक, सेफ्टी, कुशन हे शब्द टेबलाभोवती सर्वांच्या तोंडी आहेत. त्यांना संस्कृत प्रतिशब्द दिले तर मुलेच हसतील. मराठी असावी ती वाक्याची चाल आणि कारणमीमांसा. "व्हाइट ओढून आणला", "ब्लूवरून फिरवून रेडच्या मागे बसवला", "कापड पाणी धरून आहे, चेंडू अर्ध्यात मरतोय" ही आपल्या पार्लरमधली वाक्ये आहेत आणि ती कोणत्याही भाषांतरापेक्षा नेमकी आहेत. या शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्या. व्यावसायिक स्पर्धांत टेबलाखाली उष्णता दिलेली असते. आपल्याकडे जुलै महिन्यात हवेतील दमटपणाने कापड जड होते, तीच ताकद लावून व्हाइट एक हात आधी थांबतो. हे प्रेक्षकाला सांगितले नाही, तर तो खेळाडूलाच दोष देतो. बाळ ज. पंडितांनी रेडिओवरून क्रिकेट मराठी घरांत पोचवले, पण त्यांना मैदान शब्दांनी उभे करावे लागत होते. तुमच्यासमोर चित्र आहे, म्हणून त्यांच्याकडून भाषेचा आत्मविश्वास घ्या, वर्णनाचा विस्तार मात्र घेऊ नका.

सरावासाठी एवढे करा. एखादा जुना सामना आवाज बंद करून लावा, प्रत्येक फटक्याआधी खेळाडू कोणता चेंडू आणि का निवडेल हे एका वाक्यात बोला, आणि ते मुद्रित करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना, खेळाडूने तुमच्या म्हणण्याविरुद्ध निवड केली तिथे थांबा आणि त्याचे कारण शोधा. माझ्या अनुभवात तीन महिन्यांत फरक जाणवतो, आणि त्याचा लाभ तुमच्या स्वतःच्या खेळालाही होतो.

शेवटी बसण्याच्या जागेविषयी, कारण वाशीच्या चित्रफितीत तुम्ही टेबलापासून जेमतेम आठ फुटांवर, ब्लॅकच्या बाजूला बसलेले दिसता. आपल्याकडे समालोचकाला वेगळी खोली नसते. टेड लो यांनाही सुरुवातीला प्रेक्षकांत बसूनच बोलावे लागे आणि त्यांच्या कुजबुजत्या आवाजाचा उगम तिथेच आहे. तुम्ही बाल्कच्या, म्हणजे ब्लॅकच्या विरुद्ध बाजूच्या, टोकामागे, कोपऱ्यात खुर्ची घ्या, कारण बहुतेक वेळ खेळाडूचा नेम वरच्या, ब्लॅककडच्या पॉकेटांवर असतो आणि तुम्ही त्याच्या पाठीमागे राहता. गडद रंगाचा सदरा घाला. खेळाडू बाल्ककडच्या पॉकेटावर नेम धरू लागला, म्हणजे त्याचे तोंड तुमच्याकडे वळले, की हातातले टिपण खाली ठेवा, हलू नका आणि व्हाइट थांबेपर्यंत माइक बंद ठेवा.